शेरलॉक होम्सची कालांतरित रूपे

शेरलॉक होम्स हे ब्रिटिश लेखक आर्थर कॉनन डॉयल (१८५९–१९३०) यांनी निर्माण केलेले गुप्तहेराचे पात्र आहे. मूळ कथांचा काळ मुख्यतः राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीची अखेरची वीस वर्षे आणि सातव्या एडवर्डच्या राजवटीची सुरुवात हा आहे. या काळातून उचलून होम्सला दुसऱ्याच कालखंडात वावरताना दाखवणाऱ्या चित्रपटांना व मालिकांना त्याची कालांतरित रूपे म्हणता येईल. अशा रूपांची परंपरा मूकपटांपासून सुरू होते. त्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील हॉलिवूडचे चित्रपट, बीबीसीची 'शेरलॉक' (२०१०–२०१७) आणि अमेरिकेतील 'एलिमेंटरी' (२०१२–२०१९) या मालिका विशेष प्रसिद्ध आहेत.

पात्राचा काळ बदलला की त्याचे काय टिकते आणि काय गळून पडते, हा या रूपांच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे. होम्सची तर्कपद्धती आणि वॉटसनशी असलेली त्याची मैत्री या दोन गोष्टी कोणत्याही शतकात सहज रुजतात. मात्र त्याच्या भोवतीचा समाज, म्हणजे साम्राज्य, स्त्रियांचे स्थान, व्यसनाकडे पाहण्याची दृष्टी, तसा सोबत नेता येत नाही. तेथे प्रत्येक रूपांतरकाराला निवड करावी लागते आणि त्या निवडीतून होम्सपेक्षा रूपांतरकाराचा स्वतःचा काळच अधिक स्पष्ट दिसतो.

मूळ काळ

होम्सच्या एकूण ६० कथा आहेत : ४ कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा. पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. जुलै १८९१ पासून 'द स्ट्रँड मॅगझिन'मध्ये लघुकथा येऊ लागल्या आणि शेवटची कथा १९२७ मध्ये छापली गेली. लेखनाचा काळ असा चाळीस वर्षांचा असला, तरी कथानकाचा काळ त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. १९२० नंतर लिहिलेल्या कथाही बहुतेक १९०३ पूर्वीच्या म्हणून सांगितलेल्या आहेत. म्हणजे होम्सला त्याच्या काळात थांबवून ठेवण्याचे काम प्रथम खुद्द डॉयल यांनीच केले.

या कथांतले लंडन घोडागाड्यांचे, तारांचे, गॅसच्या दिव्यांचे आणि दाट धुक्याचे आहे. होम्सचे प्रसिद्ध निष्कर्ष याच जगातल्या वस्तूंवर आधारलेले असतात. विजारीवर उडालेला चिखल, टोपीची अवस्था, हाताला पडलेले घट्टे यांवरून तो माणूस ओळखतो. तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर आपण प्रबंध लिहिला असल्याचेही तो सांगतो.

लेखकाची हरकत

कालांतराचा पहिला मोठा प्रयोग डॉयल हयात असतानाच झाला. १९२१ ते १९२३ या काळात ब्रिटनमधील स्टोल कंपनीने एल नॉरवुड या नटाला घेऊन ४७ होम्सपट काढले. ते सर्व मूकपट होते आणि त्यांतील लंडन चित्रीकरणाच्या वेळचेच होते. डॉयल यांना नॉरवुड यांचा अभिनय फार आवडला. परंतु १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी एक तक्रार नोंदवली आहे. व्हिक्टोरियन होम्सने स्वप्नातही न पाहिलेले टेलिफोन, मोटारगाड्या वगैरे ऐषारामाचे प्रकार या चित्रपटांत घुसडले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

ही हरकत मनोरंजक आहे, कारण ती पूर्णपणे खरी नाही. १९१७ मध्ये छापलेल्या 'हिज लास्ट बो' या कथेत, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १९१४ मध्ये, वॉटसन स्वतः फोर्ड मोटार चालवत येतो. डॉयल यांच्या उत्तरकालीन काही कथांत होम्सच्या घरी टेलिफोनही आहे. लेखकालाही आपल्या पात्राचा काळ नेमका कुठे संपतो हे नक्की सांगता आले नाही. वाचकांच्या मनात मात्र ती सीमा पक्की झाली होती.

महायुद्धातील होम्स

१९३९ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने बॅझिल रॅथबोन (होम्स) आणि नायजेल ब्रूस (वॉटसन) यांना घेऊन दोन चित्रपट काढले. त्यांत व्हिक्टोरियन काळ काळजीपूर्वक उभा केला होता. पुढे हीच जोडी युनिव्हर्सल या स्टुडिओकडे गेली आणि १९४२ ते १९४६ या काळात तिचे आणखी १२ चित्रपट आले. या बाराही चित्रपटांचा काळ समकालीन आहे. पहिल्या तीन चित्रपटांत तर होम्स थेट हिटलरच्या हस्तकांशी लढतो. शस्त्रास्त्रांचे गुपित, नाझी हेर, काडेपेटीत दडवलेली मायक्रोफिल्म असे त्यांचे विषय आहेत. प्रेक्षकांना या बदलाचा धक्का बसू नये म्हणून आरंभीच पडद्यावर एक निवेदन येते. होम्स कालातीत आहे आणि नव्या युगाचे प्रश्नही तो पूर्वीसारखेच सोडवू शकतो, असा त्याचा आशय आहे.

या मालिकेतील पहिला चित्रपट 'शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर' (१९४२). त्यात होम्स बाहेर पडताना सवयीने आपल्या जुन्या, दोन बाजूंनी झडप असलेल्या शिकारी टोपीकडे हात नेतो. वॉटसन त्याला दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो आणि होम्स निमूटपणे साधी हॅट उचलतो. काळ बदलल्याची नोंद घेण्याची याहून सोपी रीत सापडणार नाही.

याच चित्रपटाचा शेवट अधिक गंभीर आहे. 'हिज लास्ट बो'च्या अखेरीस, १९१४ च्या युद्धाच्या उंबरठ्यावर, होम्स पूर्वेकडून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्याबद्दल वॉटसनशी बोलतो. इंग्लंडने यापूर्वी अनुभवला नाही असा तो वारा असेल, त्यात अनेकजण गारठून जातील, पण वादळ ओसरल्यावर देश अधिक शुद्ध आणि बळकट झालेला असेल, असा त्या बोलण्याचा भाव आहे. हेच बोलणे चित्रपटाने जवळपास तसेच्या तसे घेतले. एका महायुद्धासाठी लिहिलेले शब्द पंचवीस वर्षांनी दुसऱ्या महायुद्धात पुन्हा वापरता आले. पहिल्या युद्धाने जग शुद्ध झाले नव्हते, हे १९४२ च्या प्रेक्षकाला ठाऊक होते. तरीही त्याला तो दिलासा हवा होता.

योगायोग असा की त्याच १९४२ मध्ये अमेरिकन लेखक व्हिन्सेंट स्टॅरेट यांनी '२२१बी' हे सुनीत लिहिले. होम्स आणि वॉटसन कधीच मरण पावत नाहीत आणि त्यांच्या बेकर स्ट्रीटवर सदैव १८९५ हेच साल असते, ही कल्पना त्यातून होम्सप्रेमींमध्ये रूढ झाली. एकाच युद्धाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत. स्टुडिओने होम्सला बॉम्बवर्षावाखालच्या लंडनमध्ये आणले, तर कवीने त्याला बॉम्ब पोहोचणार नाहीत अशा सालात ठेवले. होम्सविषयीचे पुढचे बहुतेक वाद या दोन उत्तरांभोवतीच फिरतात. ग्रॅनाडा टेलिव्हिजनची जेरेमी ब्रेट यांची मालिका (१९८४–१९९४) मूळ काळाला घट्ट धरून राहिली आणि अनेकांच्या मते तीच सर्वांत विश्वासू आहे.

कालांतराच्या दोन रीती

होम्सला नव्या काळात आणण्याच्या स्थूलमानाने दोन रीती दिसतात. पहिलीत होम्स हा जुन्या काळचा माणूसच राहतो आणि काही युक्तीने भविष्यात जागा होतो. 'शेरलॉक होम्स इन द ट्वेंटी-सेकंड सेंच्युरी' (१९९९–२००१) या ॲनिमेशन मालिकेत त्याचे शरीर मधात टिकवून ठेवलेले असते. म्हातारपणी ससेक्समध्ये मधमाश्या पाळणाऱ्या होम्सचा हा गमतीदार उपयोग आहे. येथील वॉटसन हा यंत्रमानव असून मूळ वॉटसनच्या नोंदी वाचून त्याने ते व्यक्तिमत्त्व धारण केले आहे. अशा रूपांत गंमत असते ती जुन्या माणसाच्या बुचकळ्यात पडण्याची.

दुसरी रीत कलादृष्ट्या अधिक फलदायी ठरली आहे. हिच्यात होम्स नव्या काळातच जन्मलेला असतो. जणू डॉयल यांनी त्याला आजच लिहिले. 'शेरलॉक' आणि 'एलिमेंटरी' या मालिका याच प्रकारच्या आहेत.

खुणांचे भाषांतर

स्टीव्हन मॉफॅट व मार्क गॅटिस यांनी निर्माण केलेली 'शेरलॉक' ही मालिका २५ जुलै २०१० रोजी बीबीसी वनवर सुरू झाली. बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी होम्सची, तर मार्टिन फ्रीमन यांनी वॉटसनची भूमिका केली. तिचे एकूण १३ भाग आहेत. मूळ कथेतील प्रत्येक वस्तूला आजच्या जगातील प्रतिशब्द शोधणे ही या मालिकेची खास पद्धत म्हणता येईल.

'द साइन ऑफ फोर' (१८९०) या कादंबरीत वॉटसन होम्सच्या हाती एक खिशातले घड्याळ देतो. किल्ली घालण्याच्या छिद्राभोवतीचे ओरखडे पाहून होम्स सांगतो की घड्याळाचा मालक, म्हणजे वॉटसनचा भाऊ, दारुडा होता. शुद्धीतल्या माणसाचा हात किल्ली देताना इतका घसरत नाही. मालिकेच्या पहिल्याच भागात घड्याळाच्या जागी मोबाइल आहे आणि ओरखडे चार्जरच्या छिद्राभोवती आहेत. तर्क अक्षरशः तोच राहतो. फरक एवढाच, की ज्याला होम्स भाऊ समजतो ती वॉटसनची बहीण निघते.

तारांच्या जागी मोबाइलवरचे संदेश आले, नियतकालिकातल्या वृत्तांतांच्या जागी वॉटसनचा ब्लॉग आला. 'तीन पाइपांचे कोडे' या मूळ कथेतल्या शब्दप्रयोगाचे 'तीन पट्ट्यांचे कोडे' झाले, कारण हा होम्स दंडाला निकोटिनच्या पट्ट्या लावून विचार करतो. कधीकधी भाषांतर मुद्दाम उलटे केले आहे. मूळ कादंबरीत भिंतीवर रक्ताने लिहिलेली 'राखे' ही अक्षरे पोलिसांना 'रेचल' या नावाचा अपुरा भाग वाटतात, तर होम्स सांगतो की तो सूड या अर्थाचा जर्मन शब्द आहे. मालिकेत पोलीसच जर्मन शब्दाचा तर्क लढवतात आणि होम्स म्हणतो की ते 'रेचल'च आहे. मूळ कथा वाचलेल्या प्रेक्षकासाठी ठेवलेली ही खूण आहे.

एका ठिकाणी मात्र काहीच बदलावे लागले नाही. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मधील खुनी घोडागाडीवाला आहे, तर मालिकेतला टॅक्सीचालक. दोघांनाही रक्तवाहिनीचा असाध्य विकार आहे आणि दोघेही विषारी व निरुपद्रवी अशा दोन गोळ्यांचा जीवघेणा खेळ मांडतात. भाड्याचे वाहन हाकणारा माणूस शहरात सर्वत्र असतो आणि कुणाच्याही लक्षात येत नाही, ही डॉयल यांची नजर सव्वाशे वर्षांनंतरही अचूक ठरते.

संबोधनांचा बदल वरवर किरकोळ, पण महत्त्वाचा आहे. मूळ कथांत हे दोन मित्र एकमेकांना आयुष्यभर आडनावानेच हाक मारतात. नव्या मालिकेत ते 'शेरलॉक' आणि 'जॉन' होतात. इंग्रजीत आडनावाने हाक मारण्यात जो सन्मान आणि जे अंतर होते, ते आजच्या प्रेक्षकाला नुसता कोरडेपणा वाटला असता. होम्सकथा मराठीत आणणाऱ्या भालबा केळकरांसारख्या लेखकांसमोर वेगळाच पेच असतो : या दोघांना एकमेकांशी 'अरे-तुरे' करू द्यायचे की 'अहो-जाहो'? इंग्रजीला जो प्रश्न टाळता येतो तो मराठीत पहिल्याच संवादात सोडवावा लागतो.

अफगाणिस्तानची परतभेट

होम्स आणि वॉटसन यांच्या पहिल्या भेटीत होम्स ताडतो की समोरचा माणूस अफगाणिस्तानातून आला आहे. मूळ वॉटसन हा दुसऱ्या इंग्रज–अफगाण युद्धातला लष्करी डॉक्टर आहे. तो मुंबई बंदरात उतरतो, तेव्हा त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे गेलेली असते. तिला गाठण्यासाठी तो कंदाहारकडे जातो आणि २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत खांद्याला गोळी लागून जखमी होतो. पुढे पेशावरच्या रुग्णालयात विषमज्वराने तो मरता मरता वाचतो.

२०१० च्या मालिकेत वॉटसनचा हा पूर्वेतिहास बदलण्याची गरजच पडली नाही. ब्रिटिश सैन्य पुन्हा अफगाणिस्तानात होते आणि मैवंदच्या शेजारच्याच हेलमंद प्रांतात लढत होते. मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला, तेव्हा मैवंदच्या लढाईला १३० वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. कालांतर करताना बाकी सर्व गोष्टींना प्रतिशब्द शोधावे लागले. युद्ध तेवढे जागच्या जागी सापडले.

मालिकेने या जखमेचा खोल उपयोग केला आहे. डॉयल यांनी विसरभोळेपणाने वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला, तर दुसरीत पायाला सांगितली. नव्या वॉटसनला गोळी खांद्याला लागली आहे, पण तो लंगडतो. लंगडणे मनातून आलेले आहे आणि होम्सच्या मागे धावताना तो काठी विसरतो, तेव्हा ते थांबते. लेखकाच्या चुकीतून पात्राचे मानसशास्त्र निर्माण झाल्याचे असे उदाहरण विरळाच. २०१८ च्या 'मिस शेरलॉक' या जपानी मालिकेत दोन्ही पात्रे स्त्रिया असून वॉटसनच्या जागची डॉक्टर वातो ताचिबाना सीरियातील वैद्यकीय सेवेतून परतलेली आहे. देश बदलला, तरी वॉटसनला कुठल्यातरी युद्धातून यावेच लागते.

न जुळणाऱ्या गोष्टी

मूळ होम्स कोकेनची सात टक्क्यांची द्रावणे टोचून घेतो. त्या काळी ब्रिटनमध्ये हा गुन्हा नव्हता. कोकेनवर निर्बंध आले ते १९१६ आणि १९२० च्या कायद्यांनी. वॉटसन डॉक्टर या नात्याने नापसंती व्यक्त करतो, एवढेच. आजच्या होम्सने तेच केले तर तो व्यसनी रुग्ण ठरतो. 'एलिमेंटरी'ने ही अडचण पात्राचा पायाच केली. जॉनी ली मिलर यांचा होम्स व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच बाहेर आलेला आहे आणि लुसी ल्यू यांची जोन वॉटसन त्याच्या देखरेखीसाठी नेमलेली, शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडलेली डॉक्टर आहे. ७ पर्वे आणि १५४ भागांच्या या मालिकेत रहस्यांपेक्षा व्यसनापासून रोज दूर राहण्याचा झगडा अधिक लक्षात राहतो.

आयरीन ॲडलरचे उदाहरण उलट दिशेचे आहे. 'अ स्कँडल इन बोहेमिया' (१८९१) मध्ये ही गायिका होम्सचे वेषांतर ओळखते, त्याच्या आधीच लंडन सोडते आणि राजासोबतचे छायाचित्र स्वतःच्या संरक्षणासाठी जवळ ठेवते. होम्स हरतो आणि ते मान्य करतो. 'शेरलॉक'मधील 'अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया' (२०१२) या भागात तिच्या मोबाइलचे कुलूप होम्स उघडतो आणि अखेरीस कराचीत तिचा जीवही तोच वाचवतो. या बदलावर बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. कथा १२० वर्षे पुढे आली आणि तिच्यातली स्त्री मात्र मागे गेली.

साम्राज्याचा प्रश्न भारतीय वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा. 'द साइन ऑफ फोर'चे मूळ १८५७ च्या आग्र्याच्या किल्ल्यात आहे. तेथे जोनाथन स्मॉल आणि त्याचे तीन शीख साथीदार व्यापाऱ्याच्या वेषातील एका माणसाचा खून करून जडजवाहिर लपवतात. या शिखांची नावे डॉयल यांनी महोमेत सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर अशी दिली आहेत. त्यावरून लेखकाला हिंदुस्थानची माहिती किती होती हे कळते. अंदमानचा आदिवासी टोंगा तर विषारी बाण फुंकणारा, माणसाहून खालचा प्राणी म्हणून रंगवला आहे. हे एकविसाव्या शतकात जसेच्या तसे दाखवणे अशक्यच होते. मालिकेने आग्र्याची इंग्रजी अक्षरे तेवढी ठेवली आहेत. एका मेमरी स्टिकवर लिहिलेली ही चार अक्षरे चार गुप्तहेरांच्या नावांची आद्याक्षरे निघतात. वर्णद्वेष गेला हे चांगलेच झाले; पण त्याबरोबर किल्ला, लूट आणि ती लूट लंडनपर्यंत कशी पोहोचली हा प्रश्नही गेला.

जानेवारी २०१६ मध्ये या मालिकेचा 'द अबॉमिनेबल ब्राइड' हा विशेष भाग आला. त्यात हीच पात्रे १८९५ सालात दाखवली आहेत, म्हणजे कालांतर पुन्हा मूळ जागी नेले आहे. मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या रोषाभोवती त्याचे कथानक गुंफले आहे.

भारतातील रूपे

१९६२ सालचा 'बीस साल बाद' हा हिंदी चित्रपट 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'वर बेतलेला आहे. त्यात शापित कुत्र्याची जागा सूड घेणाऱ्या स्त्रीच्या आत्म्याच्या दंतकथेने घेतली. गूढ वातावरण टिकवले असले, तरी होम्स हे पात्र त्यात उरत नाही. होम्सला खऱ्या अर्थाने भारतीय काळात आणि भूमीत रुजवण्याचा अलीकडचा प्रयत्न म्हणजे सृजित मुखर्जी यांची 'शेखर होम' (२०२४) ही हिंदी मालिका. के. के. मेनन यांनी तीत मुख्य भूमिका केली आहे. ती १९९० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम बंगालमधील लोनपूर या कल्पित गावी घडते. या काळाची निवड विचारपूर्वक वाटते. तेव्हा हातात मोबाइल नव्हते आणि चौकाचौकात कॅमेरे नव्हते. माणूस कुठे होता हे शोधायला नजर आणि तर्क यांचीच मदत होती.

प्रताधिकार

होम्सला कोणत्या काळात न्यायचे, हा प्रश्न काही वर्षे न्यायालयातही होता. अमेरिकेत जुन्या कथा प्रताधिकारमुक्त झाल्या, तरी १९२३ ते १९२७ या काळातील शेवटच्या कथांवर हक्क शिल्लक होते. डॉयल यांच्या वारसांची संस्था त्या आधारे संपूर्ण पात्रावर दावा सांगत असे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. २०२० मध्ये 'एनोला होम्स' या चित्रपटाविरुद्धच्या दाव्यात संस्थेने आणखी सूक्ष्म मुद्दा मांडला : होम्सच्या स्वभावातील जिव्हाळा पहिल्या महायुद्धात डॉयल यांचे मुलगा व भाऊ गेल्यानंतरच्या कथांत आला, म्हणून भावनाशील होम्स अजून संरक्षित आहे. त्याच वर्षी हा वाद न्यायालयाबाहेर संपला. १ जानेवारी २०२३ रोजी उरलेल्या कथाही अमेरिकेत प्रताधिकारमुक्त झाल्या.